हत्तिणीचे नवे पाय

"कुठून कापणार?" शेजारच्या गाडीखालून आवाज आला.

हॉटेलचा सजावटवाला दचकला. हातातली टेप सुटून सर्रकन डबीत गेली. गाडीखालून आधी एक पाना बाहेर आला, मग एक काळाकुट्ट हात, आणि मग पाठीवर सरपटत आमची आत्या.

"मागच्या सीटच्या जरा पुढून," तो सावरून म्हणाला. "मागच्या भागाचा लॉबीत सोफा. लाल दिवे पेटते ठेवू. लोक फोटो काढतील."

"आणि पुढच्या भागाचं?"

"रिसेप्शनचं टेबल."

"म्हणजे बसायचं एकीकडे आणि बिल भरायचं दुसरीकडे! अण्णा, ऐकताय ना?"

अण्णा ऐकत होते. अण्णा म्हणजे आत्याचे वडील, माझे आजोबा. गॅरेजच्या दाराशी वेताच्या खुर्चीत बसलेले, तोंड मुद्दाम रस्त्याकडे. "मी हो म्हटलंय," ते म्हणाले. "निदान कुणी बसेल तरी तिच्यात."

तिच्यात म्हणजे हत्तिणीत. अण्णांची जुनी अमेरिकन गाडी. समुद्री हिरवा रंग, पांढरं छत, मागे माशासारखे दोन कल्ले, आणि लांबी एवढी की पुढचा माणूस पोचला तरी मागचा अजून निघतोच आहे. एके काळी गावातली प्रत्येक नवरी हिच्यातून गेली. मग एका दुपारी टेकडीच्या उतारावर, गाडीत नवरा, नवरी आणि नवरीची आत्या बसलेली असताना, अण्णांनी ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. तापून तापून ड्रम फुगले होते, आतले ब्रेक-शू त्यांना धरूच शकत नव्हते. अण्णांनी गाडी बांधकामाच्या वाळूत घातली. कुणाला खरचटलंही नाही. नवरीच्या आत्याने तर उतरून विचारलं, "आलं का कार्यालय?"

पण अण्णांनी चावी खिळ्याला लावली आणि खुर्ची धरली. त्यानंतर ते कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगमागे बसले नाहीत.

आत्या तेव्हा कॉलेजात होती. त्या वाळूतून गाडी काढताना तिने पहिल्यांदा ब्रेकचा ड्रम उघडून पाहिला आणि मग त्याच्यातून कधी बाहेर आलीच नाही. इंजिनाला ती हात लावते, पण आगंतुक पाहुण्याला पाणी विचारावं तसा. जीव सगळा ब्रेकमध्ये. "गाडी सुरू काय, कुणीही करतं," ती म्हणते. "थांबवायला अक्कल लागते." तिचं ठरलेलं लग्न तिने आठवड्यावर आलेलं असताना मोडलं, तेव्हाही घरच्यांना एवढंच म्हणाली, "वेळेवर दाबला म्हणून वाचले."

तर ती उठली, हात पुसले आणि सजावटवाल्यासमोर उभी राहिली.

"येत्या रविवारी सकाळी चौकात या. अण्णा स्वतः हिला टेकडीवरून खाली आणतील आणि पांढऱ्या पट्ट्यावर उभी करतील. नाही जमलं, तर करवत माझी."

"तुला वेड लागलंय," अण्णा म्हणाले.

"तुम्ही नका बोलू. तुम्ही तर हिला विकून बसलाय."

"अगं, मी गाडीत बसत नाही, तिला ब्रेक नाहीत, टायर दगड झालेत—"

"शेवटच्या दोन गोष्टी माझ्यावर सोडा."

सजावटवाला भला माणूस होता. म्हणाला, रविवारपर्यंत सोफा काही पळून जात नाही.

दुसऱ्या दिवशी टायरमामा आले. ते कुणाचेच मामा नाहीत, पण टायरच्या दुकानात बसून सगळ्या गावाचे झालेत. त्यांनी हत्तिणीच्या टायरवर नख मारलं आणि नखच तपासलं.

"ताई, नक्षी अजून छान आहे."

"नक्षी काय चाटायचीय? रबराचं बोला."

"रबर कुठंय? हा तर पापड आहे." मग हळूच अण्णांकडे बघत, "रेडियल टाकू. जुने टायर रस्त्यातल्या प्रत्येक चरीशी गप्पा मारत जातात, रेडियल आपल्या वाटेने जातो. पण चारही एकदम. दोन जुने दोन नवे केले, तर पुढचे एक म्हणतील, मागचे दुसरं. घरात भाऊ असतात तसं."

"पांढरा पट्टा हवा टायरला," खुर्चीतून आवाज आला.

आत्याने मामांना डोळा मारला. अण्णा बोलले होते.

पण पुढचे ड्रम सुटून जमिनीवर आले आणि आत्याने डिस्क हातात घेतली, तसे अण्णा काठी आपटत आत आले.

"हे काय? हे तिचं नाही."

"हिला वारा लागतो, ही ड्रमसारखी आतल्या आत तापत बसत नाही. कॅलिपर दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो. मास्टर सिलिंडरही दोन कप्प्यांचा घालतेय. एक फुटला तरी दुसरा थांबवेल."

"ते सगळं खरं. पण मग ती खरी राहील का? कंपनीने दिलेलं एकेक काढून टाकायचं आणि वर तीच गाडी म्हणायचं? तिची ओळखच पुसायची?"

आत्याने डिस्क खाली ठेवली. अगदी गोड आवाजात विचारलं, "अण्णा, तुमचा उजवा गुडघा कंपनीने दिलेलाच आहे का हो?"

टायरमामांनी तोंड टायरमध्ये घातलं.

अण्णांनी गुडघ्याकडे बघितलं. गेल्याच वर्षी बदललेला. "तो... डॉक्टर म्हणाले म्हणून."

"मग आता तुम्ही खोटे अण्णा झालात?"

"जिने चढता येतात मात्र," अण्णा पुटपुटले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. पण या वेळी खुर्ची फिरवून. तोंड गाडीकडे.

जुनी चाकं कॅलिपरला घासायला लागली, तेव्हा मामांनी एक माप मोठी चाकं शोधून आणली. चकचकीत झाकणं मात्र जुनीच ठोकून बसवली. शुक्रवारी दुपारी हत्तीण जॅकवरून खाली आली. आत्याने ती अंगणात फिरवली, ब्रेक दाबला, आणि एवढं धूड पाळण्यासारखं अलगद उभं राहिलं. गिअर काढून, ब्रेक सोडून ती खाली उतरली, कमरेवर हात. "बघा!"

मामांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी नाही.

"ती सरकली नाही," ते म्हणाले.

"काय?"

"अंगण फाटकाकडे उतरतं. गिअर काढला की ती सरकते. जन्मभर सरकत आलीय. म्हणून तर ती वीट ठेवलेली असते."

वीट भिंतीपाशी तशीच पडून होती.

"मग चांगलंच की! ब्रेक धरतायत."

"पाय काढल्यावरही?"

आत्याचं हसू थांबलं. ती वाकली, पुढच्या चाकाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. नुसती अंगणात फिरून चाक भाजत होतं. मग तिने तोच काळा हात कपाळावर मारून घेतला. कपाळावर पाच बोटं उमटली.

"झडप! अगं माझे आई, झडप!"

ड्रमच्या ब्रेकला नळीत एक बारीक झडप लागते. पाय काढला तरी ती थोडा दाब राखून ठेवते. डिस्कला ती चालत नाही, तिला चिमटणारे पॅड सुटतच नाहीत, घासत राहतात आणि तापतात. आत्याच्या हाताने आयुष्यभर ड्रमच जुळवले होते. तिचं लक्ष डिस्ककडे होतं, तेवढ्यात हातांनी सवयीने झडप बसवून टाकली होती.

"तशीच उतारावर नेली असती तर..." मामा म्हणाले आणि पुढचं गिळलं.

"अण्णा, तुम्ही नसतात तर—"

"मी काय केलं? तिची चाल बदलली होती, ती सांगितली." पण त्यांची मान मात्र चांगलीच ताठ झाली होती.

झडप निघाली. आता नळ्यांमधली हवा काढायची. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी नळी उघडायची. मामा बसायला निघाले, तर आत्या म्हणाली, "मामा, तुम्ही त्या स्टेपनीत हवा भरून आणा."

"भरलीय ना सकाळी."

"अजून भरा."

मामा स्टेपनी ढकलत निघून गेले. आत्या चाकापाशी बसली. "आता पेडल कोण दाबणार?" असं हवेत विचारून पान्याकडे बघत राहिली. मी पुढे व्हायला लागले, तर तिने पान्याने माझी चप्पल दाबून धरली.

काठीचा आवाज आला. दार उघडल्याचा आला. सीटची स्प्रिंग कुरकुरली.

"सांग," आतून अण्णा म्हणाले.

"दाबा. धरून ठेवा. सोडा."

"दाबलं."

"धरा... सोडा. परत."

हवा केव्हाच निघून गेली होती, तरी आत्या बराच वेळ म्हणत राहिली. दाबा. धरा. सोडा. अण्णांनीही थांबायला सांगितलं नाही. शेवटी ती पाना ठेवून उठली, तेव्हा हत्तीण सावकाश फाटकाकडे सरकली.

"वीट!" अण्णा आतून ओरडले, इतक्या आनंदाने की शेजारची माणसं बाहेर आली.

शनिवारी सवयीचा प्रश्न उरला. अण्णांचा पाय जुन्या ब्रेकवर वाढलेला. फर्लांगभर आधीपासून खच-खच-खच असं पेडल हाणायचं आणि मग देवावर सोडायचं. नव्या ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर होता. अण्णांनी पहिली खच मारली आणि मामा मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर आले.

"अण्णा, फळवाला बघत असताना फळ दाबून बघतात ना, तसं!" आत्या म्हणाली.

"तसं सांग की मग!"

संध्याकाळपर्यंत मामांच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि अण्णांच्या पायाला अक्कल.

रविवारी माथ्यावर हत्तीण उभी राहिली. अण्णा इस्त्रीच्या शर्टात. शेजारी आत्या, मागे मी, आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरून मामा. खाली चौकात माणसं खडीसाखरेच्या खड्यांएवढी दिसत होती.

"जायचं?" आत्याने विचारलं.

"मला काय विचारतेस? चालवतोय कोण?"

निघालो. पहिलं वळण. पूर्वी इथे स्टिअरिंगशी भांडावं लागायचं. आता अण्णांनी नुसतं सुचवलं आणि गाडी वळली. दुसरं वळण. मग ती जागा. वाळूच्या ढिगाच्या जागी आता औषधाचं दुकान आहे. अण्णांचे खांदे आवळले गेले. पाय उचलला गेला, एकदा, दोनदा, जुन्या खच-खचसाठी. आत्या समोर बघत राहिली, मांडीवरचा हात तेवढा घट्ट मिटला.

अण्णांनी पाय टेकवला. एकदाच. हळू.

हत्तिणीने नाक किंचित खाली केलं आणि वेग सोडून दिला. ना धूर, ना वास, ना कुरकुर. शिकवल्याप्रमाणे.

"अहाहा!" अण्णा म्हणाले. मग खिडकीतून डोकं काढून सगळ्या उताराला ऐकू जाईल असं, "अहाहा!" आणि मग हॉर्न. तो हॉर्न इतक्या वर्षांनी वाजला की चौकातले कुत्रेसुद्धा उठून उभे राहिले.

पट्टा आला. अण्णांनी फळ दाबलं. गाडी थांबली. मामांनी उडी मारून वाकून बघितलं. "टेकलंय! चाक पट्ट्याला नुसतं टेकलंय, वर चढलेलंही नाही!" आत्याने उतरून चाकाला हात लावला. या वेळी तो तिथेच ठेवला. "कोमट," ती म्हणाली. "बाळाच्या आंघोळीच्या पाण्यासारखं."

सजावटवाला गर्दीतून पुढे आला. त्याने टेप खिशातून काढली, तिच्याकडे बघितलं, परत खिशात ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागला. मग चौकच वाजवायला लागला.

"काका," तो खिडकीशी वाकून म्हणाला, "माझी लॉबी मात्र रिकामी राहिली."

"असं कसं राहील?" अण्णा म्हणाले. "गॅरेजच्या दाराशी एक वेताची खुर्ची आहे. उत्तम आहे, खूप वर्षं बसलेली. आजच घेऊन जा."

आणि दार ओढून घेत आत्याला म्हणाले, "बस गं लवकर. परत वर जाऊ. मघाशी मला नीट बघता आलं नाही."