करंजाखालचा सौदा

वैशाखाच्या दुपारी माझ्या दुकानात आता तापलेल्या पितळेचा वास भरून राहतो. पूर्वी या दिवसांत इथे करंजाच्या फुलांचा किंचित कडवट वास असे. आमगावच्या बाजाररस्त्यावर, माझ्या ओट्याला लागून तो करंज उभा होता, आणि ऐन उन्हाच्या तोंडावर लसलसत्या पालवीने भरून येई.

सायकलवर भांडी बांधून गावोगाव फिरता फिरता मी हे दुकान उभं केलं. घासाघीस हीच माझी शाळा. बाजाराच्या दिवशी खेड्यावरच्या बाया करंजाखाली शिदोरी सोडत, पितळी गंज बोटाने वाजवून पाहत, किंमत ऐकून हसत, उठल्यासारखं करत आणि पुन्हा बसत. रस्त्याची धूळ पानं झेलत. शेजारी देवकाबाईच्या टोपलीतला पालक संध्याकाळपर्यंत टवटवीत राही, आणि सौदा अडला की ती मलाच टोमणा मारी, "देऊन टाका ना जी शेठ, सोन्याचा गंज होय का हा?"

रस्ता रुंद करायला माणसं आली तेव्हा नालीसाठी आखलेली चुन्याची रेघ माझ्या ओट्यावरून गेली. मी भडकलो. मुकादमाशी तीन दिवस भांडलो आणि शेवटी नाली ओट्याऐवजी करंजाच्या जागेतून न्यायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. करंज पडला. जिंकलेल्या सौद्याच्या ऐटीत मी बाहेर आलो, तर देवकाबाई टोपली उचलत होती.

"ओटा तुमचा होता जी शेठ. सावली कोणाची होती?"

तो बोल अजून सलतो. रस्ता आखणाऱ्यांना कोणी काही म्हणत नाही, झाडाचा वैरी ठरलो तो मी एकटाच!

यंदा चिचगडकडची एक बाई मुलीच्या लग्नासाठी पाण्याचा पितळी गुंड बघायला आली. डांबराची झळ सोसत तिने किंमत विचारली. पुढच्या अर्ध्या तासाच्या गोड भांडणाची तयारी म्हणून मी ती चढवूनच सांगितली. तिने भाव केलाच नाही. पदर ओढून निघाली.

"बसा तर, बाई!"

"कुठी बसू जी?"

ओट्यावर हात ठेववत नव्हता. एवढी वर्षं गिऱ्हाईक माझ्या जिभेने थांबतं, असं मी समजत आलो होतो.

पावसाळ्यात त्याच ओट्याचा कोपरा मी स्वतः सब्बलीने फोडला आणि करंजाचं रोप लावलं. रस्त्यापलीकडे ताडपत्रीखाली बसणारी देवकाबाई टोपली डोक्यावर घेऊन बघायला आली.

"बसाल ना इथे पुन्हा?" मी विचारलं.

"याची सावली पडेस्तोवर मी राहीन का जी?"

सवयीने मी तोंड उघडलं, काहीतरी मधलं निघेल म्हणून. पण घासाघीस कोणाशी करायची तेच उमजेना. रोपाची सावली तिच्या पावलाएवढीही नव्हती. तरी ती, टोपली न उतरवता, जराशी तिथेच थांबली.