बाबांनी उतरवून घेतलेलं गाणं

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी तेवीस वर्षांचा होतो, ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. राहायला डोंबिवलीत, आई-बाबांबरोबर. काम मला आवडायचं. मग एका सोमवारी ड्रॉइंग बोर्डासमोर बसलो आणि हात पुढे जाईना. काय काढायचं ते समोर होतं, पेन्सिलला टोक होतं, पण साधी रेघ मारायचं बळ नव्हतं. रात्रीची झोप उडाली आणि आठवडाभरात बोर्डाकडे नुसतं पाहिलं तरी छाती धडधडायला लागली. साहेबांना ताप आलाय म्हणून कळवलं आणि नंतर गेलोच नाही.

घरी मात्र काही बोललो नाही. रोज वेळेवर इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचो आणि ठाण्यातच खोपटच्या एसटी डेपोत जाऊन बसायचो. तिथे दिवसभर बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, याची गाडी यायची असेल. एक वाजता डबा खायचा, संध्याकाळी घरी. असे तीन आठवडे काढले.

त्याच दिवसांत कॉलेजातल्या एका मित्राने मला एक कॅसेट भरून दिलेली. हेवी रॉक. आमच्या घरात तोवर भावगीतं आणि नाट्यगीतंच वाजायची. त्या कॅसेटमधल्या एका गाण्यात गिटार पत्र्यावर दगड घासल्यासारखी वाजायची आणि गाणारा घसा फुटेस्तोवर ओरडायचा. शब्द मला अर्धेच कळायचे, पण जे कळायचे ते माझ्याबद्दलचे होते. घरी आलो की तेच गाणं, पुन्हा पुन्हा, मोठ्या आवाजात.

एका रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "सर, तुमच्या मुलाने डोकं उठवलंय हो आमचं."

बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे सगळी इमारत त्यांना सर म्हणायची. ते माझ्या खोलीत आले. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "हा माणूस इतका का चिडलाय?"

"तुम्हाला नाही कळणार बाबा."

"इंग्रजीतच चिडलाय ना? तीस वर्षं तेच शिकवतोय मी. लाव परत."

त्यांनी वही आणली, चष्मा लावला आणि डिक्टेशन घेतल्यासारखं गाणं उतरवून घ्यायला बसले. "थांबव. मागे घे. अजून थोडं मागे." एक ओळ पाचपाचदा. मध्येच म्हणाले, "इथे दोनदा नकार घातलाय. हा माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता." मी हसलो. आई पोळ्या टाकून दारात आली, इतक्या दिवसांत मी हसलो नव्हतो.

पहिल्या कडव्यात तो म्हणत होता की डोक्यात कोणीतरी सारखं माझ्याविरुद्ध बोलतंय आणि आवाज माझाच आहे. दुसऱ्यात, मी रोज शर्टाची बटणं लावतो, सगळ्यांना सांगतो मी ठीक आहे, आणि त्या शर्टात कोणीच नसतं. शेवटी तो एकच ओळ ओरडत राहतो. मला परत एकदा विचारा.

बाबांनी ती ओळ लिहिली. टेप बंद केला.

"तू बरा आहेस ना रे?"

"हो."

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परत विचारतो. बरा आहेस?"

"नाही," मी म्हणालो.

"ऑफिस?"

"जात नाही. तीन आठवडे झाले. खोपटला डेपोत बसतो."

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "डबा तरी खातोस का?"

"खातो."

"बरं," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मी रडलो. आईने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ठाण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठी दिली. आई घाबरली. "कोणी बघितलं तर?"

"बघू दे. दवाखान्यातच चाललोय," बाबा म्हणाले.

त्या बाईंसमोर मला एक शब्द सुचेना. बाबांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती नीट वाचली आणि विचारलं, "यातलं तुमचं कोणतं?" मी दुसऱ्या कडव्यावर बोट ठेवलं. तिथून बोलणं सुरू झालं आणि तासभर चाललं. शेवटी त्या म्हणाल्या, "हा आजार आहे. तुम्ही आळशी नाही आणि नाटकही करत नाही. औषध आहे. वेळ लागेल, पण बरे व्हाल."

जिना उतरताना माझे पाय हलके झालेले. इतके दिवस मी स्वतःला कामचुकार म्हणत होतो आणि एका बाईंनी दोन वाक्यांत ते खोडून टाकलं. खाली आल्यावर मला भूक लागली. समोरच्या हॉटेलात बाबांनी आणि मी दोन-दोन प्लेट मिसळ खाल्ली. आम्ही गाण्याबद्दलही बोललो नाही आणि आजाराबद्दलही. रस्सा तिखट आहे, एवढंच बोललो.

बाबा माझ्याबरोबर साहेबांकडेही आले. साहेबांनी फार काही विचारलं नाही. बरा होऊन ये, म्हणाले. मी दोन महिन्यांनी परत गेलो तेव्हा आधी सोपी ड्रॉइंग्ज दिली. पुढच्या काही वर्षांत तो आजार आणखी दोनदा आला, पण तेव्हा मी तो लवकर ओळखला आणि त्याच आठवड्यात घरी सांगितलं.

कामावर परतण्याआधीच्या रविवारी आम्ही तिघं खडवलीला नदीवर गेलेलो. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले. जेवण झाल्यावर मी सतरंजीवर आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलेलं आणि आई माझ्या तोंडावरच्या माश्या पदराने वारत होती.

"दीड तास झोपलास रे," ती म्हणाली, दहावीच्या बोर्डाचा निकाल सांगावा तशी.