श्वास खाली!

आमच्या आतोबांइतका गोंधळलेला, आणि तरीही इतक्या ठामपणे दुसऱ्यांना शिकवणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे अकोल्याचे, सरकारी कचेरीत कारकून म्हणून बुऱ्हाणपूरला आले, आत्याशी लग्न झालं आणि आमच्या बुधवारा मोहल्ल्यातच बिऱ्हाड थाटून बसले. कचेरीला निघताना ते रोज छत्री उचलत, उंबऱ्यात उभं राहून आभाळ बघत, छत्री परत खुंटीला लावत, चार पावलं जाऊन मागे येत आणि आत्याला विचारत, "अगं, घेऊ की राहू दे?" हे मे महिन्यातसुद्धा. जेवायला बसले की आधी भात की आधी पोळी, इथपासून त्यांना वाटा फुटत. पण संध्याकाळी कापडाच्या दुकानावरच्या माडीत समूहगानाची तालीम सुरू झाली की हाच माणूस सेनापती होई.

गंमत अशी की आतोबा स्वतः कधीच गायले नाहीत. त्यांची विद्या खिडकीतून मिळवलेली होती. तरुणपणी ते काही महिने भुसावळला एका नातेवाइकाकडे राहिले होते. समोर चर्च होतं आणि तिथे संध्याकाळी गाणाऱ्या मंडळींची तयारी चाले. खिडकी काचेची आणि बंद, त्यामुळे आवाज काही ऐकू येत नसे, पण तोंडं स्वच्छ दिसत. गाण्याआधी ती मंडळी जांभया देत, ओठ फुरफुरवत, गाल फुगवत, पोटावर हात ठेवून छत बघत. हे सगळं आतोबांनी डोळ्यांत साठवलं आणि वीस वर्षांनी आमच्यावर सोडलं. गाणं ही नंतरची गोष्ट. आधी गळा तापला पाहिजे, असं ते म्हणत. तो तापवण्यात रोजचा एक तास जाई आणि गाण्याला उरत दहा मिनिटं.

जांभईवर त्यांचा विशेष भर. जांभईने गळा आतून उघडतो म्हणे. एकदा त्यांच्या कचेरीतले मोठे साहेब तालीम बघायला आले, तर समोर तीस माणसं ओळीने आ वासून उभी. साहेबांनी भाषणासाठी तोंड उघडलं आणि त्यांनाही जांभई आली, मग दुसरी आली, तिसरी आली, आणि शेवटी ते "अच्छा है, अच्छा है" म्हणत घरी झोपायला गेले. ओठ फुरफुरवण्याचा धडा तर फारच महाग पडला. आमच्यात फोपनार गावचे एक केळीवाले पाटील होते, आवाज असा की शेताच्या या टोकाहून त्या टोकाला निरोप जावा. ते बैलगाडीने येत आणि गाडी माडीखाली उभी करत. तीस जणांनी एका दमात ओठ फुरफुरवले आणि पाटील खिडकीकडे धावले. "ओ मास्तर, थांबा ना भाऊ! बैलं पयाले!" गाडी हाकताना ते स्वतः तोच आवाज काढत. बैल सिंधीपुऱ्यात सापडले. त्या दिवसानंतर ओठ फुरफुरवण्याआधी पाटील खाली जाऊन बैल गाडीपासून सोडून खांबाला बांधून येत.

त्याच दिवसांत राज्यांची नवी वाटणी झाली. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. नेमकं काय झालं हे कुणालाच कळत नव्हतं. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. माझ्या नावाने हिंदीत छापलेलं एक पत्र आलं, त्यावर "शिक्षा विभाग" असं वाचून आत्या मटकन खाली बसली. "काय केलंस गं तू? शिक्षा कशाची?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तिला समजवता समजवता माझी पुरेवाट झाली. आतोबांना मात्र खराच पेच पडला. कचेरीत प्रत्येकाच्या हाती एक कागद आला होता: नव्या मध्यप्रदेशातच राहणार, की तिकडे मराठी मुलखात बदली घेणार? अकोल्याहून त्यांचे थोरले भाऊ दर आठवड्याला "ये" म्हणून लिहीत. इकडे आत्याचं सगळं माहेर बुऱ्हाणपुरात. तिचा जन्मच या गल्लीत गेलेला. त्या दिवसांत तिच्या भाजीत रोज मीठ कमी पडू लागलं. आतोबा महिनाभर तो कागद उशीखाली घेऊन झोपले आणि एके सकाळी त्यांनी जाहीर केलं, "नव्या राज्याच्या समारंभात आपलं गाणं आहे. शेवटचा सा चार आवर्तनं न तुटता लागला तर राहायचं. तुटला तर अकोला."

छत्रीचा प्रश्न आत्याच्या गळ्यात टाकणारा माणूस घराचा प्रश्न आमच्या गळ्यात टाकून मोकळा झाला होता. आत्या दुसऱ्या दिवसापासून तालमीला स्वतः आल्याचा काढा घेऊन येऊ लागली आणि प्रत्येकाला समोर उभी राहून प्यायला लावू लागली.

खरं सांगायचं तर तो सा तुटतच नव्हता. चार आवर्तनं एका दमात कुणालाच झेपणारी नव्हती, तरी आमचा सूर देवळातल्या समईसारखा तेवत राही. आतोबा मधूनच ओरडत, "श्वास खाली!" आणि सूर पुढे जाई. कसा, ते एका तालमीत माझ्यासमोर आलं, पण मला त्यात फक्त चूक दिसली. पुरुष मंडळी पोटावर धान्य मोजायची मापटी ठेवून उताणी निजली होती, आम्ही बायका भिंतीशी बसलो होतो. आतोबा म्हणाले, "श्वास खाली!" आणि अर्धी मापटी वर गेली, अर्धी खाली. आमच्या मंडळात निम्मे लोक हिंदी बोलणारे; त्यांच्यातल्या, जबलपूरहून बदलून आलेल्या पोस्टमास्तरांना मी विचारलं. ते म्हणाले, "उन्होंने कहा खाली, तो हमने खाली कर दिया. पूरा पेट खाली." म्हणजे सहा महिने मराठी मंडळी "खाली" ऐकून श्वास पोटापर्यंत खाली नेत होती, आणि त्याच क्षणी हिंदी मंडळी पोट रिकामं होईपर्यंत गात होती. तबलजींना तर तिसराच अर्थ ठाऊक. "खाली" ऐकलं की ते दचकून आपल्या हाताकडे बघत, कारण तालातली खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, अजून यायचीच असे.

मी नवी शिक्षिका. चूक दिसली की लाल पेन्सिल काढायचं वय. समारंभाला दोन दिवस असताना मी आतोबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "सहा महिने! अर्ध्या मंडळाला मी उलटा श्वास शिकवला!" त्याच पावली ते एकेकाच्या घरी गेले. "खाली याने नीचे, भाईसाब! भरो, भरो!" ते तोडक्यामोडक्या हिंदीत सांगत फिरले. दोन दिवसांत सगळ्या गावाचं "खाली" एक झालं. मला वाटलं, आत्याचं माहेर मी वाचवलं.

समारंभाच्या दिवशी मांडव खच्चून भरला होता. गाणं सुरेख रंगलं. शेवटचा सा लागला, एक आवर्तन झालं, आतोबांनी हात उंचावून सांगितलं, "श्वास खाली!" आणि तीसच्या तीस माणसांनी एकाच वेळी, अगदी शिस्तीत, श्वास घेतला. मांडवात आवाज उरला तो फक्त तबल्याचा. मग आम्ही पुन्हा सा लावला, पण तुटायचा होता तो तुटला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आतोबा हात तसाच वर धरून उभे होते, आणि बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत आत्या तोंडावर पदर दाबून बसली होती.

आतोबा शब्दाला पक्के निघाले, ते नेमके त्याच वेळी. दोन महिन्यांत बिऱ्हाड अकोल्याला गेलं. सूर कशामुळे तुटला हे मला मांडवातच कळलं होतं, पण ते बोलायचं धाडस झालं नाही. स्टेशनवर आत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि मी त्यांचं सामान मोजत राहिले. नंतर कितीतरी दिवस मी त्यांच्या रिकाम्या बिऱ्हाडावरून जाणं टाळलं.

वर्षभराने आतोबांचं पत्र आलं. "इथे मंडळ काढलं आहे. सगळे मराठी. खाली म्हटलं की सगळे एकदम श्वास घेतात, आणि गाणं दर ओळीला पडतं. चिक्कार विचार केला तेव्हा आता उमगलं, आपलं तिथे काय जमत होतं ते: अर्धे श्वास घेत, अर्धे गात. पोस्टमास्तरांना विचार, महिनाभर येतील का. राहायची सोय आमच्याकडे." खाली आत्याच्या अक्षरात एकच ओळ होती, इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही.

मी ते पत्र घेऊन पोस्टात गेले आणि पोस्टमास्तरांना हिंदीत वाचून दाखवलं. मला वाटलं हसतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "तो हमारा ग़लत वाला ही सही था?" म्हणाले, आणि खरोखरच टेबलावरचा कागद ओढून रजेचा अर्ज लिहायला बसले. रजा मंजूर झाली नाही. आतोबांना तसं कळवताना मी त्याच पत्रात आत्यासाठी वेगळा कागद घातला आणि जे स्टेशनवर बोलायचं राहिलं होतं ते लिहिलं, की तुझं माहेर माझ्या शहाणपणाने सुटलं, मला माफ कर.