कमरेत एक इंच कमी

आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांनी चाळीस वर्षांत कुणाची पँट बिघडवली नव्हती. बायको गेली आणि वर्षभराने ते बिघडवू लागले.

पँट कमरेत एक इंच कमी. नेमका एकच. माझी झाली तेव्हा मला वाटलं, आपलंच पोट सुटलंय. आठवडाभर मी अर्धपोटी जेवलो. मग शेजारचा इलेक्ट्रिशियनही तीच तक्रार घेऊन आला. लोक म्हणू लागले, मास्तरांना आता दिसत नाही. चार-पाच गिऱ्हाइकं रेडिमेडकडे वळली.

दुकान सोडलं तर मास्तरांना दुसरं काही नव्हतं. मुलगा परगावी. तो रविवारी दुकानात फोन करायचा. एकदा मी समोरच होतो, फोन स्पीकरवर.

"बाबा, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"ठेवू?"

"ठेव."

एवढ्या वेळात सुईत दोराही ओवून होत नाही.

माझी पँट दोनदा सैल करूनही घट्टच राहिली. घरी उलटी करून पाहिली. खडूची रेघ बरोबर जागी होती. शिलाई मात्र आत, आणि पुढे सैल करायला भरपूर माया ठेवलेली. माझी आई शिवणकाम करायची, त्यामुळे एवढं मला कळतं. चुकणारा माणूस इतकी तजवीज करत नाही.

कुणाला काही विचारायचं म्हणजे मला चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी गेलो. दुकानात कुणी नव्हतं.

"मास्तर, रेघ बरोबर आहे. शिलाई आत गेलीय."

त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि गुंडाळली.

"नीट शिवली की माणूस घेऊन जातो. वर्षभर तोंड दाखवत नाही. घट्ट झाली की येतो. उसवेपर्यंत बसतो, बोलतो."

"शिव्या घालतात लोक."

"मग ते बोलणंच झालं ना?"

"गिऱ्हाइकं तुटताहेत, मास्तर."

"माहितेय. परवापासून तुम्हीच पहिले."

"मी काम नसतानाही येत जाईन. पँट न घेता."

"पँट न घेता?"

"अंगात असेल."

ते हसले नाहीत. मशीनला तेल हवंय म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "सात महिने झाले, धड झोप नाही."

"मुलाला सांगितलंत?"

"तो 'बरे आहात ना' एवढंच विचारतो. झोपेचं विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. "काय होतंय?" असं त्यांनी विचारलं. मास्तर माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे.

"पेशंट कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. "घरी बोलायला कुणी नाही. परवा खुर्चीचं माप घेतलं. खांदे, छाती, सगळं."

डॉक्टरांनी उठून दार लावलं. "सावकाश सांगा," म्हणाले. मास्तर अर्धा तास बोलले. चाळीस वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. बाहेर लोक खोकत होते.

"आणि तुम्ही यांचे कोण?" शेवटी डॉक्टरांनी मला विचारलं.

"गिऱ्हाईक."

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "हे एकटे राहतात, कुठे जात-येत नाहीत. अशा रिटायर माणसाला वर्षात चार पँटी कशाला लागतात? यांचंही जरा बघा."

डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे ओढला.