बीएमच्या सीटवरची वाकळ

खोटं कशाला बोलू, मी जळतो. आमच्या दाजींवर जळतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे नवरे. माणूस वाईट असता तर निदान मोकळेपणानं शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण वाईट नाही, हेच तर दुखणं आहे.

दुखण्याचं मूळ म्हणजे दोन जुन्या बीएमडब्ल्यू. पहिली माझी. कोल्हापुरात या गाडीला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नाही, नुसतं 'बीएम'. माझी काळी, तीन सिरीज, वीस वर्षांच्या पुढची. पुण्यात एका बंगल्यामागं ताडपत्रीखाली पडून होती, आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. ट्रकवर घालून शिवाजी पेठेत आणली तेव्हा सगळी गल्ली हसली. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "मयत हाय व्हय रं ही? खांदा द्यायला चौघं बोलवू?"

त्या मयताला मी उठवून उभं केलं. शाहूपुरीत आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आबांनी काढलेलं, आता मी बघतो. त्यामुळं हात काळे करायची लहानपणापासून सवय. सगळं वायरिंग उपसलं, इंजिन उतरवलं, जे बुश मिळेनात ते उद्यमनगरात लेथवर पाठीमागं उभं राहून करून घेतले. बायको म्हणायची, "तिच्याखाली झोपता तेवढं घरात झोपत न्हाईसा." खरंच होतं ते. पण एका रविवारी सहाच्या सहा सिलिंडरनी जो सूर धरला म्हणता, माझ्या डोळ्यात पाणी आलं. शेजारच्या दुकानदाराला सांगितलं, धूर गेला डोळ्यात.

मग तिला सजवली. कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड टाकल्या आणि गाडी अशी खाली बसवली की चाक आणि वरचा पत्रा यांच्यात दोन बोटं कशीबशी जावीत. पुढच्या दोन्ही सीटा काढून रेसच्या गाडीला असतात तसल्या बकेट सीटा घातल्या. दोन्ही बाजूंनी कडा उंच, बसलं की माणूस त्यात रुतून घट्ट बसतो. नाद खुळा गाडी झाली. कॉलेजची पोरं सिग्नलला थांबून फोटो काढायची. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "गाडी हाय का घोरपड? पोट घासत चाललीया." झालं. एवढंच.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या वर्षी दाजींनी बीएम घेतली. माझ्याच गाडीत एक चक्कर मारून गेले आणि तीच गाडी, तेच मॉडेल, फक्त चंदेरी. आता दाजींना पाना कुठल्या हातात धरतात ते माहीत नाही. उसाचं रान, गोठ्यात म्हशी, गाडी बिघडली की फोन उचलायचा. गाडीला काही म्हणजे काही केलं नाही. कंपनीची उंची, कंपनीच्या सीटा, आतली अॅश-ट्रेसुद्धा जागेवर. आणि लोक काय म्हणतात? "वा! काय ओरिजिनल ठेवलीय!" अरे, न करण्याला 'ठेवणं' म्हणतात होय?

आणि आबा! आबा त्या गाडीच्या प्रेमात. रविवारी दाजींची चंदेरी बीएम गल्लीच्या तोंडाशी आली की आबांनी फेटा बांधलाच म्हणून समजा. ऐटीत पुढच्या सीटवर बसायचे, कोपर खिडकीबाहेर काढायचे. आबा तरुणपणी तालमीतले नावाजलेले पैलवान. आमच्या घरासमोरच तालमीचा कट्टा आहे, आणि तिथली माणसं त्यांना अजून 'वस्ताद' म्हणतात. वस्ताद जावयाच्या बीएममधून निघाले की कट्टा उभा राहायचा. मी दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन दारात उभा.

माझ्या गाडीत ते कधी बसले नाहीत. एकदाही नाही. "आबा, सोडू का दवाखान्यात?" तर, "चालत जातो की. पाय मोडल्यात व्हय?" "आबा, लग्नाला माझ्या गाडीतनं जाऊया." तर, "तू हो फुडं, मी जावयाबरोबर येतो." खंडेनवमीला दोन्ही गाड्या दारात धुऊन उभ्या केल्या. आबांनी जावयाच्या गाडीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ बांधली, नारळ फोडला आणि ताट माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझीला तूच लाव." जावयाचा मान पहिला, हे मलाही कळतं हो. आमच्यात जावई म्हणजे देवच. पण देवाची पूजा झाल्यावर पोराच्या वाट्याला निदान अंगारा तरी यावा की नाही?

त्यातून त्या चंदेरी गाडीच्या पुढच्या सीटवर आक्कानं वाकळ घडी करून ठेवलेली. जुन्या लुगड्यांची, हातानं टाचे घातलेली वाकळ. बीएमच्या लेदर सीटवर! मी पोट धरून हसलो. "दाजी, मागं वैरणीचा भारा पण बांधा की." दाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "पावणं, तुमची गाडी जरा उचला की वर. आन त्या सीटा बदला. बरं दिसंल."

बरं दिसंल! मला वाटलं, आला पठ्ठ्या लाइनीवर. जळतोय. स्वतःच्या गाडीला काही करायची अक्कल नाही, म्हणून माझी बिघडवायला निघाला. त्यानंतरही त्यांनी दोनतीनदा तेच सांगितलं. मी मुद्दाम गाडी आणखी एक बोट खाली घेतली.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दाजींनी गगनबावड्याचा बेत काढला. धुकं बघायचं, गरम भजी खायची, परत यायचं. आबा आणि आक्का दाजींच्या गाडीत. मी मागनं माझ्या गाडीत एकटा, आणि माझ्या शेजारच्या सीटवर कोण, तर जेवणाचा डबा, पाण्याचा कॅन आणि आबांची छत्री. आक्का म्हणाली, "सामान तुझ्या गाडीत टाकते, जागा हाय न्हवं मोकळी." मोकळी होतीच. कायमचीच मोकळी होती. वाटभर समोर चंदेरी गाडी आणि तिच्या मागच्या काचेतून दिसणारा आबांचा फेटा. दाजी काहीतरी बोलायचे आणि फेटा हसून हलायचा. माझ्या सहा सिलिंडरांचा सूर ऐकायला छत्री.

येताना, गगनबावडा सोडून थोडं खाली आलो आणि दाजींच्या बोनेटमधून वाफ निघाली. मी उतरून बघितलं. कूलंटची बाटली तडकली होती. एवढ्या वर्षांचं प्लॅस्टिक, कधीतरी जाणारच. माझ्या गाडीची मी वेळेत बदलली होती. तोंडानं म्हटलं, "अरेरे, दाजी!" आणि मनात? मनात लाडू फुटत होते. एक नाही, परातभर.

दाजींनी गाडी ओढून न्यायला टोचनवाल्याला फोन केला. गाडीजवळ ते आणि आक्का थांबणार होते. आबांनी कोल्हापूरला कशातनं जायचं, हे सांगायची गरजच नव्हती. मी डबा, कॅन, छत्री सगळं मागं फेकलं, सीट झटकली, दार उघडून उभा राहिलो. आबा म्हणाले, "मी येस्टीनं जातो."

भर पावसात. रस्त्यात. माझी गाडी दार उघडून उभी असताना.

माझं डोकंच फिरलं. "आबा, भिजत येस्टीची वाट बघशीला, पन पोराच्या गाडीत बसनार न्हाईसा? काय घोडं मारलंय मी तुमचं? जावयाच्या गाडीत काय सोनं लागलंय?" मी ओरडत होतो. रस्त्यानं जाणारा एक टेम्पोवाला थांबून बघायला लागला. आक्का म्हणाली, "आरं, हळू बोल." दाजी आबांच्या जवळ गेले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. आबांनी मान हलवली. मी रागानं तोंड फिरवून पलीकडं स्टेअरिंगकडं गेलो. बघितलं तेव्हा आबा बसलेले होते आणि दाजी दार लावत होते. म्हणजे मी ओरडून जे झालं नाही, ते याच्या एका शब्दानं झालं. मी गाडी अशी काढली की चिखल उडाला.

वाटभर आबांनी एका हातानं वरचं हँडल घट्ट धरलेलं. खड्डा आला की दात आवळायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला अजून माझ्या ड्रायव्हिंगचा भरवसा नाही. तरी कोल्हापुरात शिरताना छाती फुगलीच. गल्लीत शिरलो. रविवारची संध्याकाळ, पाऊस थांबलेला, कट्टा गच्च. फुटबॉलच्या मॅचवरून दंगा चाललेला. आमची गाडी बघून सगळे वळले. कुणीतरी ओरडलं, "वस्ताद आज काळ्या गाडीत!" मी दारासमोर थांबलो. आबा खिडकीतून कट्ट्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "रंकाळ्याला एक चक्कर मार."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. "काय म्हटलासा?"

"चक्कर मार म्हटलं. उतरायची काय घाई हाय?"

आयला! काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं. सगळ्या कट्ट्यासमोर गाडी उलटी घेतली, जरा जास्तच आवाज काढला. आवडली! म्हाताऱ्याला गाडी आवडली! रंकाळ्याला भेळेच्या गाड्यांजवळ थांबलो, खाली उतरून समोरून आबांचा फोटो काढला. काळी बीएम, आत फेटा. आणि घरच्या ग्रुपवर न टाकता मुद्दाम एकट्या दाजींना पाठवला. वर लिहिलं, 'आबांनी स्वतःहून चक्कर मारायला सांगितली.' जळ म्हटलं. जरा तू पण जळ.

लगेच दाजींचा फोन आला. मी भेळवाल्याच्या बाजूला जाऊन ऐटीत उचलला.

"पावणं, आबा अजून गाडीतच हाईत?"

"व्हय. उतरतच न्हाईत."

"आवो, त्येंना उतरता येत न्हाई." दाजींच्या मागं पावसाचा आवाज येत होता. "गुडघं गेल्यात. खालच्या सीटवर बसलं की उठवत न्हाई. म्हनून वाकळ घातलीया आमच्यात. तुमच्या त्या सीटीत तर रुतल्यात. हाताला धरून वढू नका, कळ मारती. काखंत हात घाला आन एका दमात उचला. आन गल्लीत लोकांच्यासमोर नको. तेवढं बघा."

मी फोन खिशात ठेवला. भेळवाला विचारत होता, तिखट की मध्यम. काचेतून आबा दिसत होते. हँडल अजून सोडलं नव्हतं.

गाडीत बसलो. आबा म्हणाले, "कुनाचा फोन?" म्हटलं, "दुकानाचा." परत गल्लीत आलो. कट्टा तसाच भरलेला. आबा बघून तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हटलं, "आबा, गाडीचा कसला तरी आवाज येतोय. अजून एक चक्कर मारून बघूया." रंकाळ्याला गेलो, आलो. कट्ट्यावर अजून चौघं उरले होते. परत गेलो. आता आबांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडं बघायचं बंद केलं. दिवेलागणीला पावसाची एक जोराची सर आली आणि कट्ट्यावरची माणसं पळाली.

मी दार उघडलं, वाकलो, काखेत हात घातले. आबांनी माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. एका दमात उचलायला जमलं नाही, कारण सीटच्या कडा मध्ये येत होत्या. त्याच कडा, ज्या मी पुण्याहून खास मागवल्या होत्या. दुसऱ्या दमाला आले. दोघंही चिंब. त्यांनी दाराचा आधार घेतला, फेटा सारखा केला.

"मला सांगायचं न्हाई व्हय?" मी म्हटलं. आवाज चढलाच. "दाजींला सांगता, आन मला न्हाई? मी कोन हाय मग?"

"जावयाला काय, म्हातारा सासराच गावल्याला हाय," आबा म्हणाले. "तू मला तालमीत बघितल्यालं हाईस. खांद्यावर बसून जत्रंला गेलायस माझ्या. तुला कसं सांगू, मला उचल म्हनून?"

आणि ताठ चालत, छाती काढून, रिकाम्या कट्ट्यासमोरून आत गेले.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरनं कंपनीच्या सीटा काढल्या, जुन्या स्प्रिंगा शोधल्या, गाडी जॅकवर चढवली. आक्काला फोन करून म्हटलं, एक वाकळ दे. ती हसली आणि मग रडली. हे सगळं केलं. पण जळणं काही गेलं नाही, उलट आता जास्तच जळतो. गाडीचं सोडा. माझ्या बापाचं वजन किती, हे दाजींच्या हातांना माझ्या आधी माहीत होतं.