कोऱ्या कागदांचा गठ्ठा

मला वाचायला शिकवलं ते पत्रकांनी. बाबा परळच्या एका इस्पितळात कामगार होते आणि त्यांच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या आमच्या खोलीत पडत. त्यामुळे कागद हातात आला की त्याने काहीतरी मागितलंच पाहिजे, असं माझं मत लहानपणीच पक्कं झालं. अजूनही आहे.

धाकट्या बहिणीला बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडून कला शिकायला जायचं होतं. बाबा म्हणाले, "आधी दाखव तरी, करतात काय तिथे." म्हणून एका रविवारी ती आम्हा दोघांना फोर्टकडच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात घेऊन गेली. बाबांच्या होकारावर तिचं सगळं अडलं होतं.

पहिल्याच दालनात एक पांढराशुभ्र कॅनव्हास. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"रंगवायचा राहिला काय गो?"

"नाही बाबा, तो असाच आहे."

"आणि याला एसी लागतो," मी म्हणाले.

"ताई, तू गप्प बस जरा."

मी बसले नाही. बाहेर माणसं डोक्यावरच्या छपरासाठी मोर्चे काढतात आणि इथे रिकामी चौकट जपतात, असं बरंच बोलले. पुढच्या लोखंडी ठोकळ्यांसमोरही बोलले.

त्यापुढच्या दालनात, जमिनीवर, कोऱ्या कागदांचा गुडघ्याएवढा गठ्ठा होता. हवा असल्यास एक न्यावा, असं पाटीवर लिहिलं होतं. बहीण मला समजावू लागली: लोक कागद नेतात, गठ्ठा कमी होतो, पुन्हा भरतात, हेच ते शिल्प. मी विचारलं, ज्यावर एक ओळ नाही तो कागद कुणाला जाब विचारणार? आमची जुंपली, आणि बाबा बाजूला नाहीत हे लक्षातच आलं नाही.

ते दाराशी होते. डाव्या हातावर कागदांची चळत, उजव्याने एकेक पुढे करत. अंगठ्याने कोपरा सुटा करायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि कागद थेट त्याच्या छातीशी न्यायचा. इस्पितळाच्या गेटवर वर्षानुवर्षं त्यांनी असंच वाटप केलं होतं. येणारा प्रत्येक जण कागद घेत होता.

पहारेकरी धावत आला. "काका, वाटायचे नाहीत. पाहिजे तो स्वतः घेतो."

"कोण घेतो?"

तो घुटमळला. "तसे घाबरतात लोक हात लावायला."

बाबांनी उरलेली चळत जमिनीवर आपटून कडा सारख्या केल्या आणि गठ्ठ्यावर ठेवली. बहिणीचा चेहरा पार उतरला होता. सगळं बिनसलं, असं मलाही वाटलं.

बाहेर टपरीवर चहा घेताना बाबा तिला म्हणाले, "तुला जागा दिली तिथे, तर काय ठेवशील?"

ती ग्लासाकडे बघत बोलली. काहीच ठेवणार नाही. आपल्या खोलीच्या मापाचा चौकोन खडूने आखायचा. आपल्या घरात जेवढी माणसं झोपतात, तेवढ्यांनी त्यात उभं राहायचं.

मी माझा ग्लास खाली ठेवला.

"मोरी धरून की सोडून?" बाबांनी विचारलं.

"धरून."

"मग माप नीट घे. मोरीची भिंत तिरकी आहे."

पांढऱ्या कॅनव्हासबद्दल माझं मत बदललेलं नाही. त्याच्याविरुद्ध लिहायचंय, लिहीनच. पण त्या संध्याकाळी आमच्या खोलीतलं सामान व्हरांड्यात निघालं.

"आणि क्लास?" आईने विचारलं.

"सोडला तिने," बाबा म्हणाले, आणि टेपचं एक टोक भिंतीला टेकवून दुसरं माझ्या हातात दिलं.