हात लावते, पण दाबत नाही

दुखणं जुनं झालं की माणूस संशयी होतो. आमच्याकडं येणाऱ्यांचे किस्से माझ्यापाशी साठत गेले, त्याचं कारण मी दारात बसते. आत वसुधा मॅडम लोकांची दुखणी बघतात, बाहेर मी नावं लिहिते आणि चपला कुठं काढायच्या ते सांगते. आत सगळे मॅडमशी गोड बोलतात. मनातलं खरं काय ते चपला घालताना मला सांगतात.

मॅडम फिजिओथेरपी शिकल्या, पुण्यात काही वर्षं काढली आणि मग आपल्या गावी परत येऊन सात रस्ता चौकाजवळ एक हॉल घेतला. औषध नाही, मशीन नाही. सतरंजीवर आडवं व्हायचं. मॅडम हलका हात ठेवणार आणि हातपाय अगदी सावकाश, लक्ष देऊन हलवायला लावणार. मी आधी बारा वर्षं एका दवाखान्याच्या काउंटरवर होते. इंजेक्शन घेतल्याशिवाय बरं वाटलेला पेशंट मी बघितला नव्हता. म्हणून पहिल्याच आठवड्यात मॅडम जेवायला गेल्यावर मी त्यांचं कपाट उघडलं. खरं औषध कुठं लपवतात ते बघायला. आत चार चादरी, दोन उशा आणि टेनिसचे तीन बॉल. कपाट लावून वळते तर मॅडम दारात उभ्या.

"मलम सापडलं तर मलाही द्या," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पाठ दुखतेय."

*

अप्पा कापडाचे व्यापारी. तीस वर्षं दुकानात गादीवर मांडी घालून बसल्यानं कंबर धरलेली. मॅडमनी त्यांना उताणं झोपवलं. एक गुडघा सावकाश उचला, सावकाश ठेवा, श्वास रोखू नका. वीस मिनिटं एवढंच चाललं होतं.

"आता हळूच उठा," मॅडम म्हणाल्या.

"उठतो की. पण सुरू कधी करणार?"

"संपलं, अप्पा."

बाहेर आल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही बाई सगळ्यांना एकच सांगत असणार. बघाच तुम्ही."

तीन दिवसांनी एक गृहस्थ कंबर धरून, कण्हत आले. नाव विचारलं तर जरा थांबून सांगितलं. मॅडमनी त्यांना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा चालायला लावलं, एकदा वाकायला लावलं.

"तुमची कंबर छान आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मोठ्या भावाला सांगा, गुडघा फार घाईनं उचलताहेत."

*

लक्ष्मीबाई शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातल्या. घरात तेलुगू. मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून उजवा खांदा गेलेला. मॅडमनी खांद्याखाली नुसता तळवा ठेवला, दहा मिनिटं. लक्ष्मीबाई उठून बसल्या.

"हात दाखवा," मॅडमना म्हणाल्या. मॅडमनी दाखवला.

"दुसरा." तोही दाखवला.

"बांगडी काढा."

मॅडमनी बांगडी काढून त्यांच्या हातात दिली. लक्ष्मीबाईंनी ती उजेडात फिरवून बघितली. "मग करंट कुठनं येतंय?"

"करंट नाही हो. तुमचाच खांदा गरम झालाय."

पटलं नाही. चपला घालताना मला म्हणाल्या, "हात लावते, पण दाबत नाही. न दाबता बरं कसं वाटतंय? काहीतरी आहे."

तरी आठवड्यातून दोनदा येत राहिल्या. माझ्या मते तपास करायला.

*

मोहोळकडचे म्हाळाप्पा मेंढरं राखतात. लेकीनं त्यांना बळंच आणलं होतं. दुखत होता गुडघा, आणि मॅडम बघत होत्या त्यांची चाल. पुढून, मागून, बाजूनं. नंतर गुडघा सोडून तळपायच हातात घेतला.

म्हाळाप्पा बाहेर येऊन पटका बांधत बसले. "लंगडं मेंढरू मी बी आसंच बगतो," म्हणाले. "आदी चाल, मग खूर. बाईच्या घरी मेंढरं हायत का?"

"नाहीत."

"मग ह्ये कुनी शिकिवलं?"

"कॉलेजात शिकल्यात."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की खोटं बोलल्यासारखं मीच खाली बघितलं.

*

एका मंगळवारी लक्ष्मीबाई आल्या त्या डावा खांदा धरून. जिना चढला की दुखतं, बसलं की थांबतं, जबड्यातही ओढ लागते, म्हणाल्या. मॅडमनी दोनच प्रश्न विचारले. मग हातही न लावता मला सांगितलं, "रिक्षा बोलवा. यांना दवाखान्यात घेऊन जा. आत्ता."

रिक्षात लक्ष्मीबाई माझ्यावरच चिडल्या. "उजव्याला हात लावते, डाव्याला लावत नाही. लोक वाढले, आता गरिबाचा कंटाळा आला तुमच्या मॅडमला."

मी 'तसं नाही' म्हणत होते. पण मनातून मलाही तसंच वाटत होतं, हे आज सांगायला हरकत नाही.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला आणि त्यांना उठूच दिलं नाही. हृदयाची नळी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टर त्यांच्या मुलाशी बोलत होते तेव्हा मी बाकावर बसून होते.

दीड महिन्यानं त्या परत आल्या. बारीक झाल्या होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली, आत एक नजर टाकली आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"ताई, कळलं कसं तिला? हात तर लावलाच नव्हता."

*

अक्कलकोटकडच्या एक सासूबाई होत्या. मान डावीकडं वळायची नाही, कित्येक वर्षं. एक्स-रेत वयोमानाची झीज तेवढी, बाकी काही नाही. त्यांना कानडीच येत होती आणि माझं माहेर तिकडचं, म्हणून मॅडम मला आत बोलवायच्या. बरोबर सून असायची. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मानेला काही झालेलं नाही. माझ्याकडं बघायचं नसतं त्यांना. घरात मी डाव्या हाताला बसते ना."

इथंही ती मुद्दाम डावीकडंच खुर्ची घ्यायची. हाताची घडी घालून, सासूचं नाटक पकडायला.

मॅडम सांगायच्या, "मान हलवू नका. फक्त डोळे डावीकडं न्या, परत आणा." महिनाभर एवढंच.

पाचव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "आता डोळ्यांच्या मागं मान येत असेल तर येऊ द्या." मी कानडीत सांगितलं. डोळे गेले. मान थोडी गेली, थांबली, मग आणखी गेली. सासूबाईंची नजर सुनेवर आली आणि तिथंच राहिली. बराच वेळ.

मग त्या कानडीत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मॅडमनी मला विचारलं.

"सुनेला विचारताहेत, तुझे केस कधी पांढरे झाले?"

सून उठली. खुर्ची उचलली आणि सासूबाईंच्या उजव्या बाजूला, त्यांची मान सहज वळते तिकडं, जाऊन बसली.